पहिलें बाळंतपण आणि रुग्णालयांतील संप

पहिलें बाळंतपण म्हटलें, कीं घरांत आनंदाच्या पाठोपाठ काळजीहि येते. पूर्वीं ही काळजी देवावर व सुइणीच्या हातगुणावर सोंपविलेली असे. आज ती रुग्णालयावर सोंपविलेली असते. म्हणूनच, दिवस भरत आले असतांना वर्तमानपत्रांत 'डॉक्टरांचा संप' किंवा 'परिचारिकांचें कामबंद आंदोलन' असा मथळा दिसला, कीं घरांतील सर्वांचे डोळे दिनदर्शिकेवरील एकाच तारखेकडे वळतात. नेमक्या त्याच रात्रीं रुग्णालयांत कोणी नसलें तर? हा प्रश्न शहाण्या माणसालाच पडावा असा आहे. परंतु त्याचें उत्तर शोधतांना पुष्कळ कुटुंबें भलत्याच गोष्टीस भितात, आणि जेथें खरोखर सावध राहावयास पाहिजे तेथें निर्धास्त राहतात.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या उद्योगपट्ट्यांत ही धास्ती अधिक जाणवते, याला कारणें आहेत. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्यामागून भोसरीची औद्योगिक वसाहत आली, मोटारींचे व स्कूटरींचे कारखाने आले, १९८२ सालीं महानगरपालिका झाली, आणि नाशिक रस्त्यानें वाढत वाढत उद्योग चाकणपर्यंत जाऊन पोंचले. २०११ च्या शिरगणतींत महानगरपालिकेच्या हद्दींतच १७ लाखांवर माणसें मोजलीं गेलीं. यांपैकीं पुष्कळांचें मूळ घर मराठवाड्यांत, खानदेशांत, विदर्भांत, नाहीं तर थेट उत्तर हिंदुस्थानांत आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत नवरा-बायको दोघेंच. सासू एका गांवीं, आई दुसऱ्या गांवीं. नवऱ्याची या आठवड्यांत पहिली पाळी, तर पुढच्या आठवड्यांत रात्रपाळी. (पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारीं असते, ही त्यांतल्या त्यांत सोयच, त्या दिवशीं रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग चालू असल्यानें बायकोबरोबर तपासणीस जातां येतें.) जुन्या वाड्यांत अडल्या वेळीं हांक मारली कीं चार बायका धांवून येत. येथें शेजारचें दारहि पाळीवर गेलेलें असतें. अशा ठिकाणीं रुग्णालय हाच एक आधार. तोच डळमळला तर काय, ही भीति साहजिक आहे.

तथापि संप म्हणजे काय, आणि तो कोणाचा, हें प्रथम नीट समजून घेतलें पाहिजे. मथळा सर्व रुग्णालयांना एकाच मापानें मोजतो. प्रत्यक्षांत या पट्ट्यांतील रुग्णालयांचे धनी निरनिराळे आहेत. संत तुकारामनगरांतील साडेसातशें खाटांचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय महानगरपालिकेचें आहे. भोसरी, थेरगांव व आकुर्डी येथील रुग्णालयें आणि चिंचवडचें तालेरा रुग्णालय हींहि तिचींच. औंधचें जिल्हा रुग्णालय व चाकणचें ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाच्या आरोग्य विभागाकडे आहेत; पुण्याचें ससून शासनाचेंच, पण वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. चिंचवडच्या मोहननगरांतील रुग्णालय कामगार विमा योजनेचें. विमा उतरलेल्या कामगाराच्या कुटुंबास तेथें हक्कानें जातां येतें. याखेरीज जागोजाग दिसणारीं खासगी प्रसूतिगृहें ज्या त्या डॉक्टरांचीं.

आतां गेल्या कांहीं वर्षांतील संप पाहावेत. मार्च २०१७ मध्यें धुळ्यास एका निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली, त्यानंतर राज्यांतील हजारों निवासी डॉक्टर सामुदायिक रजेवर गेले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढें आलें. मे २०२२ च्या अखेरीस शासकीय परिचारिकांनीं काम बंद केलें, तें बाहेरच्या संस्थेमार्फत भरती करण्याच्या विरोधांत. मार्च २०२३ मध्यें राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांनीं जुन्या निवृत्तिवेतनासाठीं सात दिवस संप केला. त्यांत परिचारिकाहि होत्या. ऑगस्ट २०२४ मध्यें कलकत्त्याच्या आर. जी. कर रुग्णालयांत एका तरुण स्त्री-डॉक्टरची हत्या झाली, तेव्हां महाराष्ट्रांतील निवासी डॉक्टरांनीं काम थांबविलें, आणि १७ तारखेच्या सकाळीं सहापासून चोवीस तास खासगी डॉक्टरहि थांबले. या प्रसंगांत संपावर गेलेला वर्ग प्रत्येक वेळीं निराळा आहे. निवासी डॉक्टर बाहेर होते तेव्हां त्यांचे वरिष्ठ व अध्यापक आंत होते. शासकीय परिचारिका बाहेर होत्या तेव्हां खासगी प्रसूतिगृहें उघडीं होतीं. आणि खासगी डॉक्टर थांबले तेव्हां तातडीची सेवा चालू राहील, असें त्यांच्या संघटनेनें आधींच जाहीर केलें होतें. सगळीं दारें एकाच रात्रीं बंद होत नाहींत.

एका रुग्णालयाच्या आंत तरी संपाच्या दिवशीं काय बंद होतें? प्रथम बाह्यरुग्ण विभाग. मग आधीं ठरविलेल्या शस्त्रक्रिया, सोनोग्राफीच्या तारखा, कांहीं चांचण्या. प्रसूतिकक्षाची पाळी अगदीं शेवटीं येते, आणि बहुधा येतच नाहीं. हर्निया पुढच्या महिन्यावर ढकलतां येतो, बाळंतपण ढकलतां येत नाहीं, हें संपावर गेलेल्यांनाहि कळतें. असतील तेवढीं माणसें प्रसूतिकक्षांत, अपघात विभागांत व अतिदक्षता विभागांत उभीं करून काम चालविलें जातें. गर्दी होते, वेळ लागतो, बोलणें तुटक होतें, चादर वेळेवर बदलली जात नाहीं; पण कळा सुरू झालेल्या स्त्रीकडे कोणीहि पाहिलें नाहीं, असें सहसा घडत नाहीं.

खरी हानि होते ती बाह्यरुग्ण विभाग बंद पडल्यानें. नवव्या महिन्यांत गर्भवतीनें दर आठवड्यास तपासणीस जावयाचें असतें. या तपासणींत पोटावर हात ठेवून बाळाचें डोकें कोठें आहे हें पाहतात, बाळाच्या हृदयाचे ठोके मोजतात, वजन घेतात. पण सर्वांत महत्त्वाचें म्हणजे रक्तदाब मोजतात आणि लघवींत प्रथिन जातें कीं काय हें पाहतात. गर्भारपणांतील रक्तदाबाचा विकार पहिलटकरणींत अधिक आढळतो. तो आरंभीं दुखत नाहीं, खुपत नाहीं. पाय थोडे सुजतात, आणि पाय तर या दिवसांत सुजायचेच, असें म्हणून शेजारीपाजारी समजूत घालतात. आठवड्याभरांत दाब चढतो, आणि झटके येण्यापर्यंत मजल जाते. 'संप मिटला कीं जाऊं' असें म्हणतां म्हणतां ज्या घरीं दोन तपासण्या चुकल्या, त्या घरानें संपाची खरी किंमत दिली. प्रसूतीच्या रात्रीं डॉक्टर हजर होते, हें त्याला थोडेंच उपयोगी पडतें?

यावर उपाय मात्र साधा आहे. रक्तदाब मोजावयास मोठें रुग्णालय लागत नाहीं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यांत, महानगरपालिकेच्या जवळच्या दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत, कोठेंहि तो दोन मिनिटांत मोजून मिळतो. तो वरचा १४० किंवा खालचा ९० यांस पोंचला, तर संप असो वा नसो, त्याच दिवशीं डॉक्टरांना दाखवावें. १६० किंवा ११० झाला, तर तासभरहि घरीं थांबूं नये. दाब मोजलेला नसला तरी कपाळ फुटेल असें डोकें दुखणें, डोळ्यांपुढें अंधारी येणें, उजव्या बरगडीखालीं दुखणें, चेहरा व हात सुजणें हीं त्याचींच चिन्हें. त्यांच्याच जोडीला रक्तस्राव होणें, ताप येणें, बाळाची हालचाल एकाएकीं मंदावणें, आणि गर्भजल हिरवट जाणें, यांपैकीं कांहीं दिसलें तर कळांची वाट न पाहतां निघावें.

आतां त्या दिनदर्शिकेवरील तारखेविषयीं. डॉक्टर जी तारीख सांगतात ती शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसांत २८० दिवस मिळवून काढलेली असते. हिशेब बरोबर, पण निसर्ग तो पाळीत नाहीं. नेमक्या त्याच दिवशीं जन्मणारीं मुलें शंभरांत चार-पांचच. ३७ आठवडे पुरे झाल्यापासून ४२ आठवड्यांपर्यंत केव्हांहि कळा सुरू होऊं शकतात, म्हणजे सुमारें पस्तीस दिवसांचा पट्टा. एक दिवसाचा संप त्यांतील नेमक्या त्याच दिवशीं यावा, हा योग फार थोडा.

शिवाय पहिल्या खेपेस निसर्ग वेळ देतो. चित्रपटांत बाईनें पोट धरलें कीं पुढच्याच क्षणीं बाळ रडतें. त्यामुळें तरुण नवऱ्यांची अशी समजूत झालेली असते, कीं रस्त्यांत दोन मिनिटें गेलीं तर सर्व संपलें. पहिलटकरणीच्या आरंभींच्या तुटक कळाच कित्येक तास, कधीं कधीं दिवसभर चालतात. गर्भाशयाचें तोंड पांच सेंटिमीटर उघडल्यानंतरहि तें पुरतें उघडावयास बारा तासांपर्यंत वेळ लागूं शकतो, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं नमूद केलें आहे. पुढें बाळ बाहेर येण्यास आणखी दोन-तीन तास. म्हणून पहिल्या कळेला धांवत सुटण्याचें कारण नाहीं. दर पांच मिनिटांनीं एक कळ, ती मिनिटभर टिकणारी, आणि हें तासभर चाललें, म्हणजे निघावयाचें, असा ठोकताळा पहिल्या खेपेस दिला जातो. पाणी गेलें तर मात्र कळा असोत वा नसोत, निघावें.

चाकणच्या बाजूस राहणाऱ्यांनीं या ठोकताळ्यांत रस्त्याचा वेळ मिळवावा. चाकणहून संत तुकारामनगर सुमारें वीस किलोमीटर. पहांटे तीनला हें अंतर कांहींच नाहीं, पण पाळी सुटण्याच्या वेळीं तळेगांव चौकांत मालमोटारी, कंपन्यांच्या बसगाड्या आणि दुचाक्या यांची जी दाटी होते ती तेथील रहिवाशांना सांगावयास नको. नवऱ्यानें एकदां, आठव्या महिन्यांत, निरनिराळ्या वेळीं तो रस्ता घड्याळ लावून पाहावा.

संपाला निदान पूर्वसूचना तरी असते. त्याहून अधिक विचार करावयाचा तो मथळ्यांत न येणाऱ्या गैरहजेरीचा: रिकाम्या जागेचा, रजेचा, रात्रीचा. साधें बाळंतपण अनुभवी परिचारिका सुखरूप पार पाडते. शासकीय रुग्णालयांतून तेंच चालतें. परंतु पोट उघडून बाळ काढावयाची वेळ आली, तर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, भूल देणारे डॉक्टर, बाळाला पाहणारे डॉक्टर, परिचारिका आणि रक्त, एवढें सर्व एका वेळीं एका ठिकाणीं लागतें. यांतील साखळी जेथें तुटते तो दुवा पुष्कळदां भूलतज्ज्ञाचा. लहान प्रसूतिगृहांत भूलतज्ज्ञ मुक्कामास नसतात. निरोप गेला म्हणजे येतात, आणि एकच गृहस्थ तीन-चार ठिकाणीं जात असतात. ग्रामीण रुग्णालयांत ती जागा रिकामी असली, कीं अडलेल्या बाईला पुढें पाठवावें लागतें, आणि तें अडलेपण बहुधा मध्यरात्रीं लक्षांत येतें.

म्हणून नांव घालतांना खोली वातानुकूलित आहे का, हें विचारण्यापूर्वीं कांहीं साधे प्रश्न विचारावे. रात्रीं दोन वाजतां शस्त्रक्रिया करावी लागली तर भूल देणारे डॉक्टर किती वेळांत येतात? ते बाहेरगांवीं असले तर कोण? रक्त कोठून येतें, येथेंच साठा आहे कीं आणावें लागतें? बाळाला श्वास घेतां आला नाहीं तर त्याला कोठें पाठवितां? संप झाला तर प्रसूतिकक्षांत कोण राहील? चांगले डॉक्टर या प्रश्नांनीं रागावत नाहींत. जे रागावतात त्यांच्याविषयीं थोडा विचार करावा.

भीतीनें घेतलेले दोन निर्णय मात्र संपाहून अधिक अपाय करतात. पहिला, संपापूर्वींच सिझेरियन उरकून घेण्याचा आग्रह. ३९ आठवडे पुरे होण्यापूर्वीं, वैद्यकीय कारणावांचून काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा संभव वाढतो. आणि मग ज्या संपाच्या भीतीनें घाई केली, त्याच संपांत बाळ कांचेच्या पेटींत राहतें. (मुहूर्त पाहून शस्त्रक्रियेची वेळ मागणारींहि घरें या शहरांत आहेत; त्यांचा रोग निराळा.) दुसरा निर्णय, नवव्या महिन्यांत एकाएकीं माहेरीं निघून जाण्याचा. पहिलें बाळंतपण माहेरीं, ही आपली जुनी व प्रेमळ रूढि. आई जवळ असली म्हणजे मुलीला जो धीर येतो त्याला दुसरी तोड नाहीं. पण माहेर जर बीडला किंवा नांदेडला असेल, तर तो बेत सातव्या महिन्यांत ठरवावा, तेथल्या रुग्णालयांत तेव्हांच एकदां तपासून नांव घालावें, आणि प्रवास वेळेवर करावा. दिवस भरल्यावर रात्रीच्या बसनें जाणें म्हणजे ओळखीचे डॉक्टर व सर्व कागद मागें ठेवून अनोळखी दारांत कळा घेऊन उभें राहणें होय. त्यापेक्षां आईलाच ३७ व्या आठवड्यापासून येथें बोलवावें. केंद्र शासनानें २०१६ सालीं शासकीय प्रसूतिकक्षांतहि प्रसूतीच्या वेळीं एका सोबतिणीला जवळ राहावयास मुभा दिली आहे. परिचारिका अपुऱ्या असतील त्या रात्रीं पाणी पाजणारी, पाठ चोळणारी, आणि कांहीं बिघडत आहेसें दिसतांच हांक मारणारी ही एक बाई फार मोलाची.

परिचारिका अपुऱ्या कां, हाहि प्रश्न विचारला पाहिजे. ससून रुग्णालय १८६७ पासूनचें. परंतु मराठी घरांतील मुलीनें तेथें परिचारिका व्हावें, ही कल्पना कित्येक वर्षें कोणास सहन होत नव्हती. १९०९ सालीं रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं पुण्यास सेवासदन काढलें, आणि ससूनमध्यें परिचर्येचें शिक्षण घेण्यासाठीं स्त्रिया पाठविल्या, तेव्हां त्यांना लोकनिंदेला तोंड द्यावें लागलें. निंदा ओसरली, पण या कामाचा मान व मोबदला कामाच्या भाराइतका वाढला नाहीं. आज कायम जागा रिकाम्या राहतात, त्या कंत्राटानें भरल्या जातात, आणि एकाच कक्षांत एकच काम करणाऱ्या दोघींचे पगार निराळे असतात. कारखान्यांतील माणसाला पुढचें समजावयास अवघड नाहीं: पुढच्या पाळीचा माणूस आला नाहीं, तर यंत्रावरचा माणूस जाऊं शकत नाहीं, सलग दुसरी पाळी करतो. परिचारिकेचेंहि तसेंच होतें; फक्त तिच्यासमोर यंत्र नसतें. संपाचा मार्ग रुग्णाला जाचक आहे, यांत शंका नाहीं. परंतु संप ज्या दुखण्याचें चिन्ह आहे तें दुखणें रोजचें आहे. आणि अपुऱ्या माणसांनिशीं चाललेल्या प्रसूतिकक्षाबाहेर दहा नातेवाइकांनीं आरडाओरड केल्यानें आंतील बाईचें काम लवकर होतें, असें अजून तरी दिसून आलेलें नाहीं.

तयारी आठव्या महिन्यांतच पुरी असावी. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे व रक्ताचे अहवाल एका पिशवींत ठेवावे, आणि त्यांचीं छायाचित्रें नवऱ्याच्या फोनमध्येंहि असावींत; संपाच्या दिवशीं जुनी नोंद शोधून देणारा कारकूनहि कदाचित् बाहेर असतो. बाईचा रक्तगट त्या कार्डावर ठळक लिहिलेला असावा, आणि रक्त देऊं शकतील अशा दोन माणसांना आधींच सांगून ठेवावें. पहिल्या रुग्णालयाबरोबर एक दुसरें रुग्णालयहि ठरवावें, तें शक्य तों दुसऱ्या धन्याचें. पहिलें महानगरपालिकेचें असेल तर दुसरें शासनाचें किंवा खासगी. २०२० सालीं करोनाच्या साथींत यशवंतराव चव्हाण रुग्णालय करोनाच्या रुग्णांसाठीं राखून ठेवावें लागलें, आणि इतरांना अन्यत्र जावें लागलें. तेव्हां ज्यांचें दुसरें दार ठरलेलें होतें त्यांची धांवपळ वांचली असेल. वाहनासाठीं १०८ क्रमांकाची तातडीची गाडी २०१४ पासून राज्यभर आहे, आणि तिच्यांत डॉक्टर असतो. गर्भवतीला शासकीय रुग्णालयांत नेण्यासाठीं, तेथून मोठ्या रुग्णालयांत हलविण्यासाठीं १०२ क्रमांकाची गाडी विनामूल्य मिळते. २०११ सालीं सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमांत शासकीय रुग्णालयांतील प्रसूति, शस्त्रक्रिया, औषधें व रक्त हींहि विनामूल्य आहेत.

दारांतून परत पाठविण्याचा प्रसंग आलाच, तर कायदा कोणाच्या बाजूस आहे हें ठाऊक असावें. सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालीं सांगितलें, कीं जीव वांचविणें हें शासकीय व खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचें कर्तव्य आहे. १९९६ सालीं, आगगाडींतून पडलेल्या एका मजुराला खाट नाहीं म्हणून कलकत्त्याच्या एकामागून एक शासकीय रुग्णालयांनीं परत पाठविल्याचें प्रकरण न्यायालयापुढें आलें, तेव्हां तातडीचा उपचार नाकारणें हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरविला गेला. दारांत वाद घालीत बसण्यास कळा वेळ देत नाहींत, हें खरें; पण 'प्रथम तपासा, स्थिर करा, मग पाठवा, आणि पाठवितांना लेखी चिठ्ठी द्या' एवढें मागण्याचा हक्क आहे, आणि तें शांतपणें मागितलें तर बहुधा मिळतें.

बाळ जन्मल्यावर संप चालू आहे म्हणून त्याच दिवशीं घरीं जाण्याची घाई करूं नये. साध्या बाळंतपणानंतरहि ४८ तास रुग्णालयांत राहावें, कारण अतिरिक्त रक्तस्राव बहुधा पहिल्या दिवसांतच होतो. काविळीची पहिली लस बाळाला २४ तासांच्या आंत टोंचावयाची असते. गर्दींत ती राहून जाते, म्हणून सोबतिणीनें आठवण द्यावी. आईचा रक्तगट आर-एच निगेटिव्ह व बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर आईला ७२ तासांच्या आंत एक विशिष्ट इंजेक्शन द्यावें लागतें. प्रयोगशाळा अपुऱ्या माणसांवर चालली असेल, तर बाळाच्या रक्तगटाचा अहवाल दुसऱ्याच दिवशीं मागून घ्यावा. शासकीय रुग्णालयांतून बाळ-बाळंतिणीस घरीं पोंचविण्यासाठींहि १०२ ची गाडी मिळते. ती निघण्याच्या दिवशीं सकाळींच सांगून ठेवावी.